काड्या, मोळ्या आणि रेझीन: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

नवी वही. कामाचं नाव लांबलचक आहे, पण काम एका वाक्यात सांगता येतं: विषाणूचे कण रेझीनमध्ये मिसळायचे, ते रेझीन प्रकाशाने थरावर थर घट्ट करत एक वस्तू छापायची, आणि तिच्या पृष्ठभागावर ते कण अजून कामाचे आहेत हे दाखवायचं.

कण म्हणजे तंबाखू मोझेक विषाणू, पुढे नुसतं टीएमव्ही. लांबी ३०० नॅनोमीटर, जाडी १८, मधोमध ४ नॅनोमीटरची आरपार पोकळी. एकाच प्रथिनाच्या २१३० प्रती गोल जिन्याच्या पायऱ्यांसारख्या चढत गेल्या की ही काडी तयार होते. आमच्याकडचा प्रकार थोडा बदललेला आहे. प्रत्येक प्रथिनावर बाहेरच्या अंगाला एक सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) आहे, म्हणजे एका काडीवर २१३० खुंट्या. खुंटीला काय टांगायचं ते आपण ठरवायचं. माणसाला याचा त्रास नाही. तंबाखू, टोमॅटो, मिरची यांच्या रोपांना मात्र भरपूर आहे, म्हणून हातमोजे आणि कचऱ्याची शिस्त पहिल्या दिवसापासून.

रेझीन: ७०० वजनाचं पेग-डायअ‍ॅक्रिलेट (पुढे पेगडीए) ३० टक्के, बाकी पाणी. फोटोइनिशिएटर, म्हणजे प्रकाश पडला की रेझीन घट्ट व्हायला लावणारं रसायन, लॅप, ०.२५ टक्के. प्रकाश खाणारा रंग टार्ट्राझीन, २ मिलिमोलर. प्रिंटर ४०५ नॅनोमीटरचा, थर ५० मायक्रोमीटर.

टार्ट्राझीन म्हणजे खाण्याच्या पदार्थांत घालतात तोच पिवळा रंग. २०१९ मध्ये राइस विद्यापीठातल्या गटाने तो पेगडीएत घालून रक्तवाहिन्यांसारखी गुंतागुंतीची पोकळ जाळी छापून दाखवली. तेव्हापासून पाण्यातल्या रेझीनसाठी पहिला हात त्याच बरणीकडे जातो. आमचाही गेला.

६ फेब्रुवारी

विषाणूशिवाय वर्किंग कर्व्ह, म्हणजे किती प्रकाशाला किती जाडी घट्ट होते त्याचा आलेख. काचपट्टीवर रेझीनचा थेंब, खालून प्रकाश, २ ते ८ सेकंद. घट्ट झालेली टिकली धुऊन जाडी मोजली. १५ मिलिवॉटला २ सेकंदांत ८० मायक्रोमीटर, ८ सेकंदांत २४०. जेकब्जच्या समीकरणाप्रमाणे जाडी विरुद्ध प्रकाशाच्या मात्रेचा लॉग काढला तर रेष सरळ आली. उतार, म्हणजे प्रकाश किती खोल शिरतो ते, ११५ मायक्रोमीटर. घट्ट व्हायला सुरुवात होते ती मात्रा १५ मिलिज्यूल दर चौरस सेंटिमीटर.

हे दोन आकडे भिंतीवर चिकटवले. पुढे जे काही बिघडेल ते यांच्याशीच ताडून पाहायचं आहे.

७ फेब्रुवारी

प्रिंटरचं भांडं निदान ३० मिलिलिटर रेझीन मागतं. आमच्या बाटलीत १० मिलिग्रॅम दर मिलिलिटरचा टीएमव्ही ४ मिलिलिटर, म्हणजे अख्ख्या संसारात ४० मिलिग्रॅम. सिलिकोनची चौकट कापून भांड्यात छोटी विहीर केली, १.२ मिलिलिटरची. बिल्ड प्लेटलाही, म्हणजे वस्तू जिला चिकटून छापली जाते तिला, तेवढाच ठोकळा लावला. दिवस त्यातच गेला. गळत नाही.

१० फेब्रुवारी

खुंट्यांवर बायोटिन आणि थोडं ऱ्होडामिन, दोन्ही सिस्टीनला धरणाऱ्या मॅलिमाइडच्या जोडाने. दोन तास ढवळून मग डायलिसिस, म्हणजे पातळ पडद्यातून नको ते बारीक रेणू काढून टाकणं. विचार असा की ऱ्होडामिनचा लाल उजेड सांगेल कण कुठे आहेत, आणि बायोटिन सांगेल त्यांच्यापर्यंत बाहेरून कुणी पोचू शकतं का. बाहेरून येणारा पाहुणा म्हणजे हिरवा रंग लावलेलं स्ट्रेप्टॅव्हिडिन, बायोटिनला घट्ट धरणारं प्रथिन. ते मात्र छपाई झाल्यावरच घालायचं. त्याला बायोटिनसाठी चार जागा असतात, आधी घातलं तर तेच काड्या एकमेकींना बांधून टाकेल.

१२ फेब्रुवारी

पहिली छपाई, विषाणू १ मिलिग्रॅम दर मिलिलिटर. चौकोनी तळ आणि त्यावर ५०० मायक्रोमीटर रुंदीचे खांब, एवढंच साधं डिझाइन.

वाईट. खांब ६०० च्या वर फुगले, कडा भुगा झाल्यासारख्या, दोन खांबांमध्ये पडदे. उंची उलट कमी. एक कोपरा प्लेटला चिकटलाच नाही, तो भांड्याच्या तळाच्या फिल्मवर राहिला आणि पुढचे सगळे थर त्याच्यावर आपटत बसले.

विषाणू नसलेलं रेझीन त्याच डिझाइनने लगेच छापून पाहिलं. खांब ५१५. म्हणजे यंत्र ठीक आहे.

१३ फेब्रुवारी

काल रात्री मनात धरलेलं: कण प्रकाश विखुरतात, प्रकाश बाजूला सांडतो, म्हणून खांब फुगतात. मग उपाय सोपा, टार्ट्राझीन वाढवा, बाजूला सांडलेला प्रकाश तो खाऊन टाकेल. २ चं ३ मिलिमोलर केलं.

जास्त वाईट! पिवळ्या रेझीनमध्ये कुणी दूध सांडल्यासारखं दिसत होतं, भांड्यात ओततानाच. छपाई मध्येच थांबवली.

रंग वाढवला तर गढूळपणा का वाढावा, हे आज कळलं नाही. नोंद करून ठेवते.

१७ फेब्रुवारी

आज छापलं काहीच नाही, नुसतं मोजलं. हे आधी करायला हवं होतं.

४०५ नॅनोमीटरचा प्रकाश किती अडतो ते, क्युव्हेटमध्ये (एक सेंटिमीटरच्या चौकोनी नळीत), टार्ट्राझीन न घालता:
टीएमव्ही १ मिलिग्रॅम, नुसत्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावात): ०.१२.
तेवढाच टीएमव्ही, रेझीनमध्ये (कोरं रेझीन वजा करून): १.३, आणि काटा वर सरकतोच आहे. दहा मिनिटांनी १.६.

पहिल्या आकड्याकडे नीट बघू. एक सेंटिमीटर जाडीत ०.१२. आमचा थर ५० मायक्रोमीटरचा, म्हणजे सेंटिमीटरचा दोनशेवा भाग. सुट्या काड्या एवढ्याशा जाडीत प्रकाशाचं काही वाकडं करू शकत नाहीत. कण प्रकाश विखुरतात हे खरं, पण एकेकटे कण एवढं नाही.

आणि दुसरी गोष्ट. विखुरणं हे कण आणि भोवतालचं द्रव यांच्या अपवर्तनांकातल्या फरकावर चालतं. पेगडीएमुळे द्रवाचा अंक वाढून प्रथिनाच्या जवळ जातो, म्हणजे तोच टीएमव्ही पाण्यापेक्षा रेझीनमध्ये जास्त स्वच्छ दिसायला हवा. झालं दहा पटींनी उलट. म्हणजे रेझीनमध्ये सुट्या काड्या उरलेल्याच नाहीत.

मॅडमना आकडे दाखवले. त्या म्हणाल्या, "ग्रिड करून बघ ना, अंदाज कसले बांधतेस." बरोबर आहे. टीईएमची, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची, वेळ परवाची मिळाली. ग्रिड म्हणजे त्यात नमुना ठेवायची बारीक जाळी.

१९ फेब्रुवारी

रेझीनचा थेंब ग्रिडवर तसाच ठेवला तर पेगडीएच्या डागाखाली काही दिसत नाही. झटपट पाण्याने धुऊन मग काड्या उठून दिसाव्यात म्हणून युरेनिल अ‍ॅसिटेट, असं केलं. दिसलं ते पुरेसं होतं: वीस, तीस, कुठे शंभरेक काड्या अंगाला अंग लावून, टोकं जवळजवळ जुळलेली. गुठळ्या म्हणवत नाहीत त्यांना. मोळ्या. सरपणाची मोळी बांधावी तशा.

कोऱ्या बफरमधल्या ग्रिडवर काड्या इकडेतिकडे सुट्या पडलेल्या.

२० फेब्रुवारी

ही नोंद लिहिताना थोडं हसू येतंय आणि थोडी लाज.

आज विषाणूचा नवा साठा करायला घेतला. संसर्ग झालेली पानं वाटून, बफरमध्ये काढून, ब्युटॅनॉलने हिरवटपणा घालवून जो स्वच्छ अर्क मिळतो, त्यात मीठ ४ टक्के आणि पेग ८००० (८००० वजनाचं पॉलिएथिलीन ग्लायकॉल) चार टक्के घालायचं, थंडीत ढवळायचं. हे मी निदान वीस वेळा केलंय. बर्फात बुडवलेला फ्लास्क, खाली फिरणारी चुंबकाची कांडी, आणि पेग विरघळत जातं तसं मधल्या भोवऱ्यातून एक पांढरट धागा वर येतो, पसरतो, आणि पाचेक मिनिटांत सगळा फ्लास्क दुधट होतो. विषाणू खाली बसायला तयार झाला, आता सेंट्रिफ्यूज.

धागा वर येताना बघत होते आणि हात थांबला. हे दूध मी गेल्या आठवड्यात पाहिलंय. पिवळं होतं एवढंच.

पेग आणि मीठ. विषाणू द्रवातून बाहेर काढायची ही पद्धत १९६० च्या दशकापासून चालत आली आहे, आणि मी नेमकं तेच दोन्ही एका बाटलीत घालून त्याला "रेझीन" म्हणत होते. पेगडीए म्हणजे दोन टोकांना अ‍ॅक्रिलेट लावलेलं पेगच की! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

कारणही पाठ्यपुस्तकातलं आहे, १९५४ चं, आसाकुरा आणि ओसावा यांचं. पेगच्या वेटोळ्याचा मध्य काडीच्या पृष्ठभागाला एका मर्यादेपेक्षा जवळ येऊ शकत नाही, म्हणून प्रत्येक काडीभोवती पेगला बंद असलेली एक पातळ साल असते. दोन काड्या चिकटून उभ्या राहिल्या की त्यांच्या साली एकमेकींवर पडतात आणि तेवढी जागा पेगला मोकळी मिळते. काड्यांना एकमेकींची ओढ नाही, पेगच त्यांना एकमेकींकडे रेटतं. गोळ्यांपेक्षा काड्यांमध्ये हे जास्त जोरात, कारण काडी काडीला पूर्ण लांबीभर चिकटू शकते. ७०० चं पेग ८००० पेक्षा पुष्कळ लहान, एकेकट्याचा रेटा कमी. पण आम्ही ४ टक्के नाही, ३० टक्के घातलंय.

याच्या विरुद्ध उभा असतो तो काड्यांचा स्वतःचा ऋणभार. सातच्या आसपासच्या पीएचला टीएमव्ही ऋणभारित असतो, काड्या एकमेकींना दूर ढकलतात. मीठ तो भार झाकून टाकतं. म्हणूनच शुद्धीकरणात मीठ लागतं.

आता प्रश्न एवढाच: माझ्या रेझीनमध्ये मीठ आलं कुठून?

२१ फेब्रुवारी

मिठाचा हिशेब. कागदावर मांडला तेव्हा १३ तारखेचं कोडं सुटलं.

साठ्याचा फॉस्फेट बफर ०.१ मोलर, दहापट पातळ होऊन १० मिलिमोलर. दोन भारांचे आयन धरून आयनिक स्ट्रेंथ, म्हणजे मिठाचा एकूण जोर, साधारण २० मिलिमोलर.

लॅप हा लिथियमचा क्षार आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. ०.२५ टक्के म्हणजे ८.५ मिलिमोलर.

आणि टार्ट्राझीन! त्याच्या एका रेणूवर तीन ऋणभार, सोबत तीन सोडियम. आयनिक स्ट्रेंथमध्ये भाराचा वर्ग येतो, म्हणून तीनाचे नऊ होतात. २ मिलिमोलर रंगाचे बारा मिलिमोलर. तो ३ केला तेव्हा अठरा. मी प्रकाश अडवायला रंग घालत होते आणि रंगाच्या नावाखाली मीठ टाकत होते.

बेरीज ४० मिलिमोलरच्या वर. एवढ्यात भाराची पोच दीड नॅनोमीटरच्या आत संपते. १८ नॅनोमीटर जाड काडीला दीड नॅनोमीटरचं कुंपण.

२४ फेब्रुवारी

चोवीस नळ्या. आडवं मीठ, उभं पेगडीए. प्रत्येकीत विषाणू १ मिलिग्रॅम, रंग नाही, मीठ सोडियम क्लोराइडने जुळवलेलं. मागे काळा कागद धरून डोळ्यांनी आणि मग क्युव्हेटने.

३० टक्के पेगडीए, ४० मिलिमोलर: घालताक्षणी दूध.
३० टक्के, २० मिलिमोलर: अर्ध्या तासात दुधट.
३० टक्के, ७ मिलिमोलर: संध्याकाळपर्यंत किंचित निळसर झाक, बाकी स्वच्छ.
२० टक्के, २० मिलिमोलर: तासभर ठीक, नंतर शंका.
२० टक्के, ७ मिलिमोलर: दुसऱ्या दिवशीही स्वच्छ.

बाकीच्या नळ्या या पाचांच्या मधल्या, त्यांत नवं काही नाही.

दुधट नळीतला थेंब दहापट पाण्यात टाकला तर दोन मिनिटांत निवळला. म्हणजे मोळ्या कायमच्या बांधलेल्या नाहीत, पेग काढलं की सुटतात. मात्र रात्रभर ठेवलेल्या दुधट नळीतले निवळले नाहीत. तिथे बहुतेक रिकाम्या राहिलेल्या खुंट्या, म्हणजे सुटे सिस्टीन, एकमेकांना किंवा अ‍ॅक्रिलेटला कायमचे जोडले गेले. नियम: विषाणू छपाईच्या आधी पाच मिनिटं मिसळायचा. आधी मिसळून फ्रिजमध्ये ठेवायचा नाही.

२६ फेब्रुवारी

रोज टीईएम कुठून आणणार? सहकाऱ्याने एक सोपी युक्ती सुचवली आणि ती चालली. दोन पोलरायझर (एकाच दिशेने कंपणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पट्ट्या) आडवे-उभे लावायचे, मध्ये बाटली, मागे दिवा. एरवी अंधार. बाटली मनगटाने गरकन फिरवली की आत उजेडाच्या शिरा पळतात, कारण प्रवाहात काड्या एका दिशेला वळतात. फिरवणं थांबवलं की सुट्या काड्या लगेच विस्कटतात आणि अंधार परत येतो. मोळ्या असतील तर शिरा विझल्यावरही बारीक चमचम मागे राहते, धुळीसारखी, हळूहळू खाली जाणारी.

टीएमव्हीच्या दाट द्रावाचं असं वागणं १९३६ मध्येच बॉडेन, पिरी, बर्नल आणि फॅनकुकेन यांनी मांडलं होतं. स्टॅनलींनी हा विषाणू स्फटिकरूपात वेगळा काढला त्याच्या पुढच्याच वर्षी. त्यांना तो द्रव-स्फटिकांचा पुरावा होता. आम्हाला बाटली वापरायची की टाकायची एवढं सांगतो.

२८ फेब्रुवारी

नवी कृती: पेगडीए २० टक्के, लॅप ०.१ टक्के, टार्ट्राझीन ०.५ मिलिमोलर, विषाणू १ मिलिमोलर बफरमध्ये डायलिसिस केलेला. मिठाची बेरीज सातच्या आत.

किंमत मोजावी लागली ती रंगाची. चतुर्थांश रंगात प्रकाश ४०० मायक्रोमीटरपर्यंत खोल शिरतो. बारीक आडवे बोगदे आता छापता येणार नाहीत, वरच्या थराचा प्रकाश खालची पोकळी भरून टाकेल. थर ५० चे १०० केले. आम्हाला बोगदे नकोच आहेत, खांब पुरेत. पण ज्याला वाहिन्या छापायच्या आहेत त्याने ही कृती उचलू नये.

३ मार्च

माझी चूक. रेझीनमध्ये बुडबुडे होते म्हणून बाटली पाच मिनिटं सोनिकेटरच्या पाण्यात ठेवली. नेहमीच्या रेझीनला हेच करतो, हात सवयीने गेला. विषाणू आत होता.

पोलरायझरमध्ये शिरा अगदीच फिक्या. ग्रिड केली: अर्ध्या, पाव, तुकडेच तुकडे. ध्वनिलहरींनी या काड्या मोडतात हे माहीत असून केलं. दीड मिलिग्रॅम गेला. यापुढे कोरं रेझीन आधी निर्वात करायचं, विषाणू शेवटी, आणि पिपेटने हळू. बाटलीच्या झाकणावर लाल पेनाने लिहिलं.

४ मार्च

प्रकाश पडला की लॅपमधून जी मुक्त मूलकं निघून रेझीन घट्ट करतात, त्यांनी विषाणूचं काय होतं? घट्ट झालेल्या रेझीनमधून तो परत काढता येत नाही, म्हणून उलट्या बाजूने गेले: विषाणू आणि लॅप, पेगडीए नाहीच, आणि छपाईच्या पाचपट प्रकाश. मूलकांना खायला दुसरं काही नसताना ते प्रथिनावरच जातील, म्हणजे ही सगळ्यात कठीण परीक्षा.

काड्या शाबूत. प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करणाऱ्या जेलवर १७.५ किलोडाल्टनची पट्टी जागेवर, वर दुप्पट वजनाला एक फिकट सावली, म्हणजे थोडी प्रथिनं जोडली गेली. छपाईच्या मात्रेला ती सावलीही नाही. ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश आरएनए शोषत नाही, त्यामुळे ती काळजी नव्हतीच. पुढे.

६ मार्च

छापलं!

वर्किंग कर्व्ह विषाणूसह: खोली ३९५, सुरुवातीची मात्रा ४६. विषाणूशिवाय: ४१० आणि ४४. दोन्ही रेषा आलेखावर एकमेकींना चिकटून. खांब ५३०, रंग कमी म्हणून जरा फुगीर, पण कोऱ्या रेझीनचेही ५२५ च येतात. कडा स्वच्छ. पडदे नाहीत.

सुट्या काड्या प्रकाशाला जाणवतच नाहीत, हे १७ तारखेला कागदावर मांडलं होतं ते आज वस्तूत दिसलं. धुऊन दिवसभर पाण्यात ठेवल्यावर पिवळा रंग निघून गेला आणि लालसर काचेसारखा तुकडा हातात राहिला. मॅडमनी तो चिमट्यात धरून खिडकीशी नेला, काही बोलल्या नाहीत, फक्त परत देताना म्हणाल्या, "आता हिरवं घाल."

१० मार्च

हिरवं घातलं. रात्रभर स्ट्रेप्टॅव्हिडिनमध्ये, मग तीन वेळा धुऊन कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली.

लाल: सगळीकडे, एकसारखं, तळापासून टोकापर्यंत.
हिरवं: फक्त कडेला, नखावर मारलेल्या रेघेइतकं. आत काळोख.

नियंत्रण म्हणून बायोटिन नसलेला विषाणू घालून छापलेला तुकडा: कडेलाही हिरवं जवळजवळ नाही. म्हणजे जे दिसतंय ते खरं आहे. फक्त फार थोडं आहे.

११ मार्च

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. ७०० च्या पेगडीएचं जाळं घट्ट झालं की त्याची भोकं एक-दोन नॅनोमीटरची. स्ट्रेप्टॅव्हिडिन पाचेक नॅनोमीटरचं. ते आत शिरणार कसं? काडी बाहेर पडू शकत नाही याचा आम्हाला आनंद होता. पण ज्या भिंतीतून काडी बाहेर पडत नाही तिच्यातून पाहुणाही आत येत नाही.

हिशेब मांडला. टीएमव्हीचं वजन सुमारे चार कोटी डाल्टन, म्हणजे १ मिलिग्रॅममध्ये दीड गुणिले दहाचा तेरावा घात एवढ्या काड्या. आकडा भव्य वाटतो. आता एक मिलिमीटर जाडीचा तुकडा घ्या आणि त्याच्या एका बाजूचा, काडीच्या लांबीएवढा, म्हणजे ३०० नॅनोमीटरचा थर "पोचण्यासारखा" धरा. हे उदार मनाने धरलेलं. तो एकूण जाडीच्या ०.०३ टक्के. दहा हजारांतल्या तीन काड्या कामाच्या, बाकीच्या ९९९७ भिंतीत चिणलेल्या.

महिनाभर मी रेझीनमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते लिहीत आले. तो आकडा या वस्तूबद्दल फारसं काही सांगत नाही. पृष्ठभागावर सुट्या, वर तोंड काढलेल्या किती, तेच लिहायला हवं होतं. इतरांच्या लेखांतही "अमुक टक्के कण मिसळले" एवढंच वाचून पुढे जायची सवय लागली होती, ती मोडायला हवी.

मॅडमशी तासभर बोलणं. दोन वाटा: विषाणू फक्त शेवटच्या थरात घालायचा, किंवा जाळंच मोठ्या भोकांचं घ्यायचं. पहिली आधी, कारण सामान हाताशी आहे.

१७ मार्च

दोन विहिरी. पहिलीत कोरं रेझीन, नऊ थर. छपाई थांबवून प्लेट वर, तुकडा बफरने हलका धुतला, टिपकागद कडेला लावून पाणी ओढलं. दुसऱ्या विहिरीत फक्त ३०० मायक्रोलिटर, पण विषाणू ५ मिलिग्रॅम दर मिलिलिटर. एक थर.

प्लेट परत खाली नेताना उंचीचं शून्य चुकलं तर तुकडा फिल्मवर दाबला जातो. दोन तुकडे असेच चिरडले. तिसरा जमला.

५ मिलिग्रॅमला काड्या सुट्या राहतील का ही धाकधूक होती. पोलरायझरमध्ये शिरा झगझगीत, थांबल्यावर चमचम नाही. मीठ कमी ठेवल्याचा फायदा.

हिरवं आधीपेक्षा साडेतीन-चार पट. पाचपट विषाणूला चारपट उजेड, ठीक. आणि विषाणू लागला १.५ मिलिग्रॅम, ज्यात सहा थेंब परत काढून पुन्हा वापरता आले.

एक गोष्ट अपेक्षित नव्हती: फिल्मकडच्या चेहऱ्यावरचं हिरवं खांबांच्या बाजूंपेक्षा जास्त खोल. ही फिल्म ऑक्सिजन झिरपू देते, आणि ऑक्सिजन मूलकांना गिळतो, म्हणून तिच्या लगतचा पातळ थर अर्धवटच घट्ट होतो. छपाईत याचा उपयोग तुकडा फिल्मवरून सुटायला होतो. इथे त्याच अर्धकच्च्या थरात जाळं सैल राहिलं असावं आणि पाहुण्याला वाट मिळाली असावी. वेगवेगळ्या एक्स्पोजरने तपासायचं.

२१ मार्च

धुण्याची परीक्षा. तुकडे तीन दिवस बफरमध्ये, रोज बफर बदलून. पहिल्या दिवशीच्या पाण्यात थोडं लाल, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी नाही. सैल होते ते गेले, उरलेले बसलेले आहेत. यापुढे हिरवं घालण्याआधी एक दिवस धुणं सक्तीचं.

कचऱ्याबद्दल: विषाणू असलेलं कच्चं रेझीन तसंच ऑटोक्लेव्हमध्ये घालायचं नाही, गरम अ‍ॅक्रिलेटची वाफ नको. आधी प्रकाशाखाली पूर्ण घट्ट करायचं, मग पिशवीत, मग १२१ अंशांना. हे दाराजवळ लावलंय.

२५ मार्च

एक्स्पोजर ४, ६, ९ सेकंद. शेवटच्या थराला जितका कमी प्रकाश तितकं हिरवं खोल. ४ सेकंदांना थर धुताना कडेने सुटतो. ६ वर थांबले.

२७ मार्च

दुसरी वाट. जेलमा, म्हणजे मेथॅक्रिलेट लावलेलं जिलेटिन, ७ टक्के. याचं जाळं पेगडीएपेक्षा पुष्कळ मोकळं. थंड झालं की आपणहून गोठतं, म्हणून सगळं ३७ अंशांना करावं लागणार. प्रिंटरच्या भांड्याखाली हीटर लावायचं काम सहकाऱ्याने घेतलंय.

पेग नाही म्हणून मोळ्या होणार नाहीत, असं लिहिणार होते. लिहिलेलं खोडलं. जिलेटिनही द्रवातलं लांब रेणूच आहे, रेटा तेही देऊ शकतं, शिवाय त्याचे स्वतःचे भार वेगळे. यावेळी प्रिंटर चालू करायच्या आधी नळ्या.

सहा नळ्या, ३७ अंशांच्या पाण्यात, विषाणू १ मिलिग्रॅम, मीठ ५ पासून १५० मिलिमोलरपर्यंत. दुपारी तीनला ठेवल्या. चार वाजता काळ्या कागदापुढे: पहिल्या चार स्वच्छ, पाचवीबद्दल माझं आणि सहकाऱ्याचं एकमत नाही, सहावी दुधट. पोलरायझरमध्ये पाचवीत दोन-तीन ठिणग्या मागे राहिल्या. त्या बुडबुड्यांच्याही असतील. झाकणं घट्ट लावून रात्रभर तशाच ठेवल्यात.